सूक्ष्मजीव खायचे, पण त्यांना खायला काय घालायचं?

अडीचशे किलो वजनाची गाय दिवसाला २०० ग्रॅम प्रथिनं देते, आणि तेवढ्याच वेळात २५० ग्रॅम सूक्ष्मजीव २५ टन प्रथिनं तयार करू शकतात. बारावीच्या जीवशास्त्रात हे वाक्य वर्षानुवर्षं शिकवलं गेलंय. ते वाचून कुणालाही वाटेल, मग अडलंय कुठे? कुपोषणाचा प्रश्न एव्हाना निकालात निघायला हवा होता.

हिशेब म्हणून ते वाक्य खोटं नाही. त्यात ज्याचं नाव घेतात तो मिथायलोफिलस नावाचा जीवाणू दर ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटांनी दुप्पट होत राहिला, तर चोवीस तासांत सतरा-साडेसतरा वेळा दुप्पट होतो. सुरुवातीला २५० ग्रॅम कोरड्या पेशी धरल्या तर दिवसाअखेर साधारण ५० टन होतात, आणि त्यातलं निम्मं प्रथिन धरलं की २५ टन. गणित जुळतं. पण हा जीवाणू हवा खाऊन वाढत नाही. मिथेनॉल असो की साखर, सूक्ष्मजीवाला जेवढं खाऊ घालावं त्याच्या साधारण निम्म्या वजनाच्या कोरड्या पेशी हाती येतात, उरलेलं तो श्वसनात जाळून टाकतो. म्हणजे ५० टन पेशींसाठी १०० टन खाद्य हवं. ते साखरेच्या रूपात द्यायचं तर पन्नास किलोची दोन हजार पोती.

आणखी एक अडचण ऑक्सिजनची. एक किलो कोरड्या पेशी तयार व्हायला किलोभर किंवा त्याहून जास्त ऑक्सिजन लागतो, आणि तीस अंशाच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम ७-८ मिलिग्रॅम विरघळतो. म्हणून टाकीत सतत, जोरात हवा सोडावी लागते. एवढं श्वसन चाललं की टाकी तापते, मग ती थंड ठेवायला वीज लागते. दुपटीच्या हिशेबात शेवटच्या सव्वा-दीड तासातच २५ टन पेशींच्या ५० टन व्हायला हव्यात. तेवढ्या वेळात तेवढी हवा पुरवणारी आणि तेवढी उष्णता बाहेर काढणारी टाकी कुणाकडे नाही.

मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो, म्हणूनच त्याची सुरुवात अशा चमत्कारिक आकड्याने होऊ नये असंही वाटतं. सूक्ष्मजीव झपाट्याने वाढतात हे खरं आहे. पण गेल्या शंभर वर्षांत जे प्रयोग फसले आणि जे टिकले, ते वेगामुळे नाही. त्यांना खायला काय घातलं, ते कितीला पडलं आणि तयार झालेलं अन्न माणसाच्या शरीराला मानवलं का, यावर सगळं ठरलं.

दही यात मोडत नाही

सूक्ष्मजीव तर आपण रोजच खातो, दही आहे, इडली आहे, आंबोळी आहे, असं कुणी म्हणेल. थोडा हिशेब करू. चांगल्या दह्याच्या एका ग्रॅममध्ये दहा कोटी जीवाणू धरा. एका जीवाणूचं वजन ग्रॅमच्या एक लाख-कोटीव्या भागाइतकं, म्हणजे एक पिकोग्रॅमच्या आसपास. दीडशे ग्रॅमच्या वाटीत मग जीवाणूंचं एकूण वजन भरतं फक्त १५ मिलिग्रॅम. त्या वाटीतून जी पाचेक ग्रॅम प्रथिनं मिळतात ती दुधाची असतात. दह्यात, इडलीत, ढोकळ्यात सूक्ष्मजीव काम करतात: आंबवतात, चव आणतात, पचायला सोपं करतात. आपल्याला इथे बोलायचंय ते त्यांचं शरीरच अन्न म्हणून खाण्याबद्दल, आणि तेही ग्रॅम-ग्रॅमने.

असं करावंसं का वाटतं, याचं कारण त्यांच्या एका क्षमतेत आहे. आपल्या शरीराला लागणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकी, म्हणजे प्रथिनांच्या विटांपैकी, नऊ आपल्याला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. यीस्टला किंवा अनेक जीवाणूंना तशी गरज नसते. साखरेसारखा कार्बनचा स्रोत, अमोनियासारखं साधं नायट्रोजनयुक्त रसायन आणि चिमूटभर क्षार एवढ्यावर ते वीसच्या वीस आम्लं तयार करतात. जे काम करायला तुरीला पाच-सहा महिने, पाऊस आणि जमीन लागते, ते यीस्ट टाकीत काही तासांत करतं. कोरड्या यीस्टमध्ये साधारण निम्मं प्रथिन असतं, जीवाणूंमध्ये त्याहून जास्त. यीस्टमध्ये लायसीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं आणि ज्वारी-तांदळात तेच कमी असतं. त्यामुळे भाकरी-भाताला यीस्टची जोड तशीच पूरक ठरते जशी डाळीची. गंधक असलेली मेथिओनीनसारखी आम्लं मात्र यीस्टमध्ये बेताचीच.

तो अमोनिया कारखान्यात बनतो, आणि बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून बनतो, हेही लक्षात ठेवायला हवं. शेतीला युरिया जिथून येतो तिथूनच यांनाही खाद्य येतं.

युद्धातलं यीस्ट, मुंबईतलं यीस्ट

यीस्ट मुद्दाम अन्न म्हणून वाढवण्याचा पहिला मोठा उद्योग जर्मनीत झाला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराने नाकेबंदी केली आणि बाहेरून येणारं धान्य, पशुखाद्य बंद झालं. बर्लिनच्या आंबवण-उद्योग संस्थेत माक्स डेलब्रुक आणि त्यांचे सहकारी बिअरच्या यीस्टचा पोषणासाठी उपयोग करण्यावर आधीपासून काम करत होते. युद्धात त्यांनी मळी आणि अमोनियाचे क्षार यांवर यीस्ट वाढवलं. दुसऱ्या महायुद्धात टोरुला नावाचं यीस्ट वापरात आलं. ते कागद गिरण्यांच्या सांडपाण्यातल्या लाकडी साखरेवरही वाढतं. त्याची पूड सूपमध्ये, सॉसेजमध्ये मिसळत. युद्ध संपून धान्य मिळू लागलं तसा लोकांचा त्यातला रस कमी झाला. उपाशी असताना चालणारं अन्न आणि आवडीने खाल्लं जाणारं अन्न यांत फरक असतो.

याच दोन युद्धांच्या मधल्या काळात मुंबईत एक वेगळीच गोष्ट घडली. आपल्याकडे ती फारशी सांगितली जात नाही, ती शाळेत शिकवली जावी असं मला मनापासून वाटतं. १९२८ साली ल्युसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. गरोदर बायकांना, त्यातही कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना, एक जीवघेणा रक्तक्षय होत होता. रक्तातल्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने फुगलेल्या असत. विल्सने आधी जंतुसंसर्ग आहे का ते तपासलं, मग त्या बायका काय खातात ते पाहिलं. ज्यांच्या जेवणात फळं-भाज्या आणि जीवनसत्त्वं सर्वांत कमी, त्यांना आजार जास्त होता. मग तिने प्राण्यांना तसाच आहार देऊन पाहिला. आजारी पडलेलं एक माकड बरं झालं ते मार्माइटने. बिअर गाळल्यावर उरलेल्या यीस्टचा हा काळा, खारट अर्क इंग्लंडमध्ये १९०२ पासून पावाला लावून खाल्ला जात होता.

तो अर्क तिने रुग्णांना दिला आणि बायका झपाट्याने सुधारू लागल्या. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केलं. मार्माइटमध्ये नेमकं काय आहे हे तिला सांगता येत नव्हतं, पण काहीतरी आहे आणि ते तोवर माहीत असलेल्या जीवनसत्त्वांपेक्षा वेगळं आहे, हे तिने ठामपणे मांडलं. काही काळ त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणत. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळं काढण्यात आलं आणि त्याला फॉलिक अॅसिड हे नाव मिळालं. आज आशाताई गरोदर बाईच्या हातात लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या ठेवते, त्यातल्या फॉलिक अॅसिडचा माग मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांपर्यंत आणि दारूभट्टीत उरलेल्या यीस्टपर्यंत जातो.

इथे यीस्ट चमचाभर लागलं, आणि चमचाभरात त्याने जीव वाचवले. तेच ताटभर खायचं ठरवलं की एक अडचण उभी राहते.

भराभर वाढण्याची किंमत

लग्नाच्या पंगती जितक्या भराभर उठवायच्या तितके आचारी जास्त लागतात. पेशीचंही तसंच आहे. प्रथिनं बनवणारे तिचे आचारी म्हणजे रायबोझोम, आणि ते मोठ्या प्रमाणात आरएनएचे बनलेले असतात. जो जीव झपाट्याने वाढतो त्याच्या पेशीत रायबोझोम खच्चून भरलेले असतात. अशी पेशी खाल्ली की प्रथिनांबरोबर हा सगळा आरएनएही पोटात जातो. यीस्टच्या कोरड्या वजनात न्यूक्लिक आम्लं (आरएनए आणि डीएनए मिळून) ६ ते १२ टक्के, भराभर वाढणाऱ्या जीवाणूंत १५ टक्क्यांपर्यंत असू शकतात.

आरएनएमधली प्युरीन नावाची रसायनं शरीरात मोडली की शेवटी युरिक अॅसिड तयार होतं. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते पुढे मोडणारं विकर (एन्झाइम) असतं. माणसाकडे आणि चिंपांझीसारख्या बिनशेपटीच्या वानरांकडे ते नाही, उत्क्रांतीत आपण ते गमावलं. रक्तात युरिक अॅसिड साचलं की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत बसतात. पायाचा अंगठा रात्रीतून लालबुंद होऊन ठणकायला लागतो, तो गाऊट हाच. काहींना मुतखडे होतात. म्हणून प्रौढ माणसाने सूक्ष्मजीवांतून दिवसाला २ ग्रॅमपेक्षा जास्त न्यूक्लिक आम्ल घेऊ नये, अशी मर्यादा संयुक्त राष्ट्रांच्या प्रोटीन सल्लागार गटाने घालून दिली.

यीस्टमध्ये १० टक्के न्यूक्लिक आम्ल धरलं तर २ ग्रॅमची मर्यादा २० ग्रॅम कोरड्या यीस्टमध्येच भरते. त्यातून प्रथिन मिळतं १० ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिन लागतं. म्हणजे कितीही स्वस्तात यीस्ट पिकवलं तरी त्यातला आरएनए काढल्याशिवाय गरजेच्या पाचव्या भागापलीकडे जाता येत नाही. बारावीच्या त्या वाक्याला ही ओळ जोडली तर विद्यार्थ्यांना विषय जास्त कळेल.

तेलावर वाढवलेलं प्रथिन

१९६० च्या दशकात जगाला प्रथिनं पुरणार नाहीत अशी भीती सगळीकडे होती, आणि कच्चं तेल मात्र स्वस्त होतं. फ्रान्समधल्या लाव्हेराच्या रिफायनरीत अल्फ्रेड शांपान्या यांनी तेलातल्या मेणचट पॅराफिनवर यीस्ट वाढवून दाखवलं. सूक्ष्मजीवांच्या पेशींतून मिळणाऱ्या प्रथिनासाठीची 'एकपेशीय प्रथिन' ही संज्ञाही त्याच सुमाराची, १९६६ ची. ब्रिटिश पेट्रोलियमने सार्डिनिया बेटावर वर्षाला एक लाख टनांचा कारखाना उभारला, पशुखाद्यासाठी. तो धड चाललाच नाही. खाद्यात पॅराफिनचे अंश उरतील या शंकेने इटलीत परवानगी अडली. जपानमध्ये ग्राहकांनी 'पेट्रोलियमचं अन्न' नको म्हणून इतका विरोध केला की कंपन्यांनी माघार घेतली. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि मुळातला हिशेबच कोसळला. सोव्हिएत संघात असे मोठे कारखाने चालले, पण १९८७ साली किरिशी शहरातले लोक रस्त्यावर उतरले, कारण कारखान्यातून उडणाऱ्या प्रथिनाच्या धुळीने त्यांना दम्याचा, अॅलर्जीचा त्रास होत होता.

इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीने बिलिंगहॅमला पंधरा लाख लिटरची अवाढव्य टाकी उभारली. बारावीच्या वाक्यातला तो मिथायलोफिलस इथलाच. मिथेनॉलवर वाढवून त्याचं प्रुटीन नावाचं पशुखाद्य करत. तंत्र उत्तम चाललं, पण सोयाबीनची पेंड त्याहून स्वस्त पडत होती, आणि प्रुटीन बंद पडलं.

मला या सगळ्यात लोकांचा अडाणीपणा दिसत नाही. खाद्य कशावर वाढलं, त्यात काय उरलं, हे विचारण्याचा हक्क खाणाऱ्याचा आहे. कंपन्यांनी ते प्रश्न विचारले जाण्याआधी उत्तरं तयार ठेवायला हवी होती.

टिकून राहिलेली बुरशी

त्या पिढीतला एकच मोठा प्रयोग थेट माणसाच्या ताटापर्यंत पोचला आणि आजही दुकानात मिळतो: क्वॉर्न. रँक होव्हिस मॅकडूगल ही इंग्लंडमधली पीठगिरण्यांची आणि ब्रेडची कंपनी. गव्हातला स्टार्च तिच्याकडे मुबलक होता. त्यावर वाढेल असा खाण्याजोगा सूक्ष्मजीव शोधायला त्यांनी जगभरातून मातीचे तीन हजारांहून जास्त नमुने गोळा केले. हवा तो जीव सापडला बकिंगहॅमशायरमधल्या मार्लो गावच्या मातीत, त्यांच्या प्रयोगशाळेपासून काही मैलांवर. फ्युझेरियम जातीची ही बुरशी. या घराण्यातल्या काही बुरशा विष तयार करतात, त्यामुळे ही तशी करत नाही हे सिद्ध करण्यात वर्षानुवर्षं गेली. १९८५ साली ब्रिटनमध्ये तिच्या विक्रीला परवानगी मिळाली. दरम्यान आयसीआयकडे प्रुटीनच्या प्रयोगासाठी बांधलेली टाकी रिकामी पडली होती. ती क्वॉर्नच्या कामी आली.

ही बुरशी कशी वाढवतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. पन्नास मीटर उंचीचा, आत दीड लाख लिटर द्रव मावणारा, वळसा घेतलेला नळ असतो. त्यात ढवळणारी पाती नसतात. एका बाजूने खालून हवा सोडतात, तिच्या बुडबुड्यांनी द्रव वर चढतो आणि दुसऱ्या बाजूने खाली येतो. पाती असती तर बुरशीचे तंतू तुटले असते, आणि तंतू लांब राहणं हेच इथे महत्त्वाचं. ग्लुकोजचा पाक, अमोनिया, क्षार सतत आत जातात आणि बुरशीने दाट झालेला द्रव सतत बाहेर येतो. तापमान तीस अंशांच्या आसपास. बुरशी साधारण पाच तासांत दुप्पट होते. यीस्टच्या मानाने हे सावकाशच, पण पुरेसं आहे.

असं सहा आठवडे चालतं. मग टाकी रिकामी करून, निर्जंतुक करून पुन्हा सुरू करावी लागते. इतके दिवस सतत वाढताना बुरशीत बदल होत जातात, आणि आखूड, जास्त फांद्या फुटलेले तंतू असणारे प्रकार वरचढ होऊ लागतात. विषारी नसतात, पण त्यांनी पोत बिघडतो, घास भुसभुशीत लागतो. त्याला बाहेरून काही उपाय नाही, टाकी थांबवणं एवढाच.

आणि आरएनए? बाहेर आलेली बुरशी अर्धा तास सुमारे ६८ अंशांना धरून ठेवतात. एवढ्या उष्णतेत ती मरते, पण तिच्यातलं आरएनए मोडणारं विकर अजून काम करत असतं. ते बुरशीचाच आरएनए कापतं आणि तुकडे पेशीतून पाण्यात निसटतात. प्रमाण १० टक्क्यांवरून २ टक्क्यांखाली येतं. या पायरीत इतर घटकही वाहून जातात आणि वजनाचा तिसरा हिस्सा गमावला जातो. इतक्या मेहनतीने वाढवलेल्या मालाचा तिसरा भाग सोडून देणं ही छोटी गोष्ट नाही, पण त्याशिवाय तो माणसाने पोटभर खावा असा झाला नसता.

उरलेला लगदा कणकेसारखा दिसतो. त्यात अंड्याचा पांढरा बलक मिसळून वाफवतात आणि गोठवतात. गोठताना बर्फाचे स्फटिक तंतूंना दाबून जवळ आणतात, आणि दाताखाली कोंबडीच्या मांसासारखे धागे जाणवतात. अंडं न वापरलेले प्रकारही आता मिळतात. या ओल्या लगद्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ११ ग्रॅम प्रथिन आणि ६ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. ११ म्हणजे डोळे दिपवणारा आकडा नव्हे, पण तो माणूस समाधानाने खाऊ शकेल असा घास आहे. अॅलर्जीच्या तक्रारी थोड्या लोकांत आल्या आहेत, आणि अमेरिकेत पाकिटावर ही बुरशी असल्याची स्पष्ट सूचना लिहिलेली असते.

स्पिरुलिनाबद्दल थोडं

भारतात बहुतेकांनी या विषयाशी संबंधित एकच नाव ऐकलेलं असतं, स्पिरुलिना. हे निळं-हिरवं शेवाळ म्हणजे खरं तर जीवाणू, आणि ते खाणं नवं नाही. मेक्सिकोत अझ्टेक लोक तेस्कोको सरोवरावरून ते गोळा करत. आफ्रिकेत चाड सरोवराकाठी कानेंबू बायका ते कापडातून गाळून वाळूवर वाळवतात, वड्या पाडतात आणि बाजरीच्या पदार्थाबरोबर खायच्या रश्श्यात घालतात. बेल्जियमच्या वनस्पतिशास्त्रज्ञ जाँ लेओनार यांनी १९६० च्या दशकात ते पाहिलं आणि मग जगाचं लक्ष तिकडे वळलं.

ते खारट, अतिशय अल्कधर्मी पाण्यात वाढतं. तिथे दुसरं फारसं काही तगत नाही, म्हणून उघड्या तळ्यातही ते तुलनेने निर्भेळ मिळतं. आपलं बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर मुळात याच प्रकारचं, आणि तिथल्या पाण्यातही स्पिरुलिनाच्या कुळातले जीव आढळले आहेत. लोणारच्या पाण्यातलं काही खायचं मात्र नाही. ते जपायचं सरोवर आहे. विकायचा स्पिरुलिना बांधलेल्या टाक्यांत वाढवतात.

त्यात ६० टक्के प्रथिन असतं हे खरं. पण लोक खातात दिवसाला दोन-तीन ग्रॅम, म्हणजे प्रथिन मिळतं सव्वा ते पावणेदोन ग्रॅम. मूठभर फुटाण्यांत सहाएक ग्रॅम मिळतं आणि खर्च कितीतरी कमी. त्याहून गंभीर गोष्ट बी-१२ ची. शाकाहारी लोकांना 'यात बी-१२ आहे' असं सांगून स्पिरुलिना विकला जातो. त्यातलं बरंचसं बी-१२ हे रचनेने मिळतंजुळतं पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी असं रूप असतं. ज्यांना कमतरता आहे त्यांनी त्यावर विसंबू नये, डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा इंजेक्शनच घ्यावं. त्या गोळीतलं बी-१२ सुद्धा कारखान्यात जीवाणूंकडूनच बनवून घेतलेलं असतं, दुसऱ्या कुठल्या मार्गाने ते व्यापारी प्रमाणात बनत नाही. जे शुद्ध शाकाहारी कुटुंब ही गोळी घेतं, ते सूक्ष्मजीवांच्या पोषणावर आधीच अवलंबून आहे.

हवा, पाणी आणि वीज

आता सगळ्यांचं लक्ष आहे ते हायड्रोजनवर जगणाऱ्या जीवाणूंकडे. विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन काढायचा आणि तो कार्बन डायऑक्साइडसह टाकीत सोडायचा. हे जीवाणू हायड्रोजन जाळून ऊर्जा मिळवतात आणि कार्बन डायऑक्साइडपासून शरीर बांधतात. त्यांना साखर लागत नाही, म्हणजे शेत लागत नाही. अंतराळवीरांसाठी याचा विचार १९६० च्या दशकातच झाला होता. फिनलंडच्या सोलर फूड्स कंपनीने अशा जीवाणूची पिवळसर पूड तयार केली. तिला २०२२ मध्ये सिंगापूरने परवानगी दिली आणि २०२४ मध्ये हेलसिंकीजवळच्या वांता शहरात कारखाना सुरू झाला.

२०२१ च्या एका अभ्यासानुसार एक हेक्टर जमिनीवर सौर पॅनेल लावून ती वीज या कामाला वापरली, तर त्याच जमिनीवरच्या सोयाबीनच्या दहापट प्रथिन मिळू शकतं. २०२२ मध्ये जर्मनीतल्या पोट्सडाम संस्थेच्या संशोधकांनी हिशेब मांडला की २०५० पर्यंत जगाने गोमांसासारख्या रवंथी जनावरांच्या मांसापैकी पाचवा हिस्सा टाकीत वाढवलेल्या प्रथिनाने बदलला, तर दरवर्षीची जंगलतोड निम्मी होईल. हे आकडे मला आशा देतात. पण दोन्हींत खाद्याच्या जागी वीज किंवा साखर आली आहे, ती फुकट झालेली नाही. कोळशाच्या विजेवर हाच उद्योग केला तर हिशेब उलटतो.

महाराष्ट्राचं म्हणाल, तर आपल्याकडे मळी आहे, आणि मळीवर यीस्ट उत्तम वाढतं. पण आज ती मळी डिस्टिलरीत इथेनॉलसाठी जाते, आणि तिला भाव आहे. दुसरीकडे लातूरच्या बाजारात सोयाबीन आहे. त्याच्या पेंडीत निम्म्याच्या जवळपास प्रथिन असतं आणि ती बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात जाते. ज्या भावाला आयसीआयसारखी कंपनी हरली, तो भाव इथे आणखी कडक आहे. म्हणून साध्या प्रथिनाच्या स्पर्धेत उतरण्याऐवजी सोयाबीनला जे जमत नाही तिथून सुरुवात व्हावी असं मला वाटतं: बी-१२, फॉलेट (फॉलिक अॅसिडच्या कुळातलं जीवनसत्त्व), आणि मासळीच्या कुट्याला पर्याय ठरेल असं मत्स्यखाद्य. बंगळुरूची स्ट्रिंग बायो ही कंपनी मिथेन खाणाऱ्या जीवाणूंपासून प्रथिन बनवण्यावर काम करतेच आहे. माणसांसाठीच्या अशा नव्या अन्नाला २०१७ च्या नियमांप्रमाणे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची म्हणजे एफएसएसएआयची आधी परवानगी लागते. बाजारात असं काही नव्याने आलं तर पाकिटावर जीवाचं नाव, तो कशावर वाढवला आणि न्यूक्लिक आम्ल किती, हे छापलेलं असावं असा आग्रह ग्राहकांनी धरावा. घरात कुणाचं युरिक अॅसिड वाढलेलं असेल तर तो तिसरा आकडा पाहिल्याशिवाय पाकीट घेऊ नये.